आत या म्हणण्याचा अधिकार

रक्त पिणारे पिशाच्च बोलावल्याशिवाय कोणाच्या घरात शिरू शकत नाही, हा नियम सिनेमांमुळे आज जगभर पाठ झाला आहे. त्याला पक्के रूप मिळाले ते ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ या १८९७ च्या कादंबरीत. घरातल्या कोणीतरी पहिल्यांदा ‘ये’ म्हणावे लागते आणि एकदा तसे म्हटले की पुढे त्याला हवे तेव्हा येता-जाता येते. नियम एका ओळीचा आहे, पण तो लावायला बसले की पहिलाच प्रश्न आडवा येतो. घरातला म्हणजे कोण? सातबाऱ्यावर किंवा नमुना आठवर ज्याचे नाव आहे तो, भाडे भरून राहणारा, चार दिवसांसाठी आलेला पाहुणा, की धुणीभांडी करायला येणारी बाई?

स्टोकर यांनी या प्रश्नाचे उत्तर कथेतच दिले आहे. ड्रॅक्युला ज्या इमारतीत शिरून मीनावर हल्ला करतो ते एक मनोरुग्णालय आहे. डॉ. सेवर्ड ते चालवतात. मीना तिथे पाहुणी म्हणून उतरली आहे. ड्रॅक्युलाला आत घेतो तो रेनफिल्ड, म्हणजे कोंडून ठेवलेला एक रुग्ण. वास्तू त्याची नाही, बाहेर पडण्याची मुभाही त्याला नाही, तरी त्याचा होकार चालतो, कारण तो तिथे राहतो. मालकीचे कागद या हिशेबात धरलेलेच नाहीत. मुळात ही कादंबरी सुरू होते ती घरखरेदीच्या व्यवहारापासून. जोनाथन हार्कर हा इंग्लंडमधल्या वकिलाचा माणूस ट्रान्सिल्व्हानियाला जातो तो कारफॅक्स नावाची मालमत्ता ड्रॅक्युलाच्या नावे करून देण्यासाठी. तिथल्या जुन्या वाड्याच्या दारात ड्रॅक्युला त्याला ‘आपखुशीने आत या’ असेच विनवतो. घर, दार, ताबा आणि संमती हे कादंबरीचे खरे सूत्र आहे. रक्त त्यानंतर येते.

लोककथेतला नियम मात्र याहून जुना आणि वेगळा आहे. ग्रीसच्या खिओस बेटावरची समजूत लिओ अलातिउस या विद्वानाने १६४५ मध्ये नोंदवून ठेवली. तिथले पिशाच्च रात्री दारावर थाप मारून घरातल्या एखाद्याला नावाने हाक मारते. ज्याने ओ दिली तो दगावतो. पण ते दुसऱ्यांदा हाक मारत नाही, म्हणून खिओसचे लोक रात्री पहिल्या हाकेला उत्तरच देत नसत. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. रात्री-अपरात्री कोणी नावाने हाक मारली तर लगेच ओ देऊ नये, तीन हाका होऊ द्याव्यात, माणूस असेल तर पुन्हा हाक मारील, हे गावोगावच्या आज्यांनी नातवंडांना बजावलेले आहे. कर्नाटकात १९९० च्या दशकात याच विचाराने लोकांनी दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवले होते. रात्री हाक मारत फिरणारी बाई ते वाचून परत जाते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचते. २०१८ च्या ‘स्त्री’ या हिंदी चित्रपटातली भिंतीवरची विनवणीही त्याच जातीची आहे.

खिओस आणि मराठी मुलूख यांच्यात कसलाही संबंध नसताना दोन्हीकडे धोका एकाच ठिकाणी ओळखला गेला, तो म्हणजे घरातल्या माणसाच्या तोंडी. भिंत, कडी, कुलूप ही बाहेरची व्यवस्था झाली. आतल्याने प्रतिसाद दिला की ती निकामी होते.

तिसरी, सर्वांत अस्वस्थ करणारी परंपरा सर्बियातली आहे. किसिल्येवो या गावी १७२५ मध्ये पीटर प्लोगोयोविट्झ नावाचा शेतकरी मेला आणि पुढच्या आठ दिवसांत गावातली नऊ माणसे दगावली. ऑस्ट्रियाच्या अंमलदाराने पाठवलेला अहवाल व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आला. त्यात मृताच्या बायकोचे म्हणणे आहे की नवरा रात्री घरी आला आणि त्याने आपले जोडे मागितले. ती बाई घाबरून गाव सोडून गेली. अशा पिशाच्चाला आमंत्रणाची गरजच नव्हती, कारण ते त्याचे स्वतःचे घर होते. गावकऱ्यांनी प्रेत उकरून त्याला खुंटा ठोकला आणि जाळले. हे प्रकार वाढल्यावर सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपले वैद्य गेरार्ड व्हान स्विटेन यांच्याकडून चौकशी करवली आणि १७५५ मध्ये प्रेते उकरण्यावर बंदी घातली. प्रेत न कुजल्यासारखे दिसणे, पोट फुगणे, तोंडाशी रक्तासारखा द्रव येणे हे सगळे कुजण्याच्या प्रक्रियेतलेच टप्पे असतात, हे आता वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे.

मराठीत रक्तपिपासू पिशाच्चाची ओळख बरीच उशिरा झाली. नारायण धारप यांनी स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली ‘लुचाई’ लिहिली आणि मराठी वाचकाच्या घराच्या खिडकीशी हे भय आणून उभे केले. त्याआधी इंग्रजीत उलट दिशेने एक घोटाळा होऊन गेला होता. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये वेताळाच्या कथा ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ या नावाने छापल्या. वेताळ रक्त पीत नाही. तो प्रेतात वस्ती करतो, झाडाला लोंबकळतो आणि राजाला न्यायनिवाड्याची कोडी घालतो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० मध्येच ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली होती. या कथांचे मूळ परंपरेने गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त सांगितले जाते, आणि गुणाढ्य हा सातवाहनांच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे गोदावरीकाठच्या पैठणचा. पिशाचांच्या भाषेत, स्वतःच्या रक्ताने त्याने सात लाख श्लोक लिहिले आणि राजाने ते नाकारल्यावर रानात पशुपक्ष्यांना वाचून दाखवत सहा लाख जाळून टाकले, अशी ‘कथासरित्सागरा’त हकीकत आहे. पैठणवरून वाहत येणारी तीच गोदावरी पुढे परभणी जिल्ह्यातून जाते.

परभणी तालुक्यातले पेडगाव मनमाड–परभणी लोहमार्गावर आहे. मराठवाड्याच्या या काळ्या मातीच्या पट्ट्यात गावाची रचना समजून घेतली की भुतांचे नियमही आपोआप उलगडतात. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी-पांढरीचा हा भेद गावकऱ्याच्या बोलण्यात आजही आहे. गावाभोवती शीव, शिवेच्या आत वेस, वेशीपाशी मारुती, मग गल्ली, आणि शेवटी घराचा उंबरठा. बाहेरच्या बाधेला माणसापर्यंत पोचायला इतक्या हद्दी ओलांडाव्या लागतात. इंग्रजी कथेतले घर एकटे उभे असते आणि त्याचा दरवाजा हीच पहिली व शेवटची सीमा असते. मराठवाड्यातले घर एकटे नसते. त्याच्या रक्षणाचा अर्धा भार गावाने उचललेला असतो.

भुतांनाही इथे नेमून दिलेले ठाव आहेत. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून लोकसमजुती लिहवून घेतल्या होत्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांच्या गोळीने जॅक्सन मारले गेले. पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी तो संग्रह संपादून छापला. त्याच्या कोकणच्या भागात वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ अशी लांबलचक यादी आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाचा पत्ता दिलेला आहे. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. गिऱ्हा पाण्यात राहतो. समंध पुरलेल्या धनाजवळ. यांतले कोणी घर शोधत फिरत नाही. माणूस त्यांच्या हद्दीत गेला, भर दुपारी पिंपळाखाली झोपला, तिठ्यावरचा उतारा ओलांडला, तर ते त्याला लागतात. म्हणजे मराठी नियमात आगंतुक बहुधा माणूसच असतो.

म्हणूनच बाधेला आत येण्याचा मार्ग असतो तो माणसाच्या अंगावरून. पाहुणा, बाळंतीण, नवी नवरी, लांबच्या प्रवासाहून आलेले लेकरू दारात आले की त्यांना उभे करून भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि पायावर पाणी घालतात. शीव ओलांडताना जे काही बरोबर आले असेल ते दाराबाहेर राहावे आणि माणूस तेवढा आत यावा, अशी ही सोय. नवरीला त्याच उंबरठ्यावर तांदळाचे माप उजव्या पायाने आत लवंडायला लावतात. हा प्रवेशाचा विधी आहे आणि तो साक्षीदारांसमोर होतो. माप लवंडले की घर तिचे. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते, तिला तर बोलावूनच घ्यायचे असते. तिच्यासाठी पूजा मांडतात, दिवा जळत ठेवतात, काही घरांत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, म्हणजे ती बाळाचे नशीब लिहून जाईल. नको ते बाहेर ठेवणे हे उंबरठ्याचे निम्मे काम झाले. हवे त्याला मानाने आत घेणे हे उरलेले निम्मे.

सर्बियातल्या त्या जोडे मागणाऱ्या नवऱ्याचा मराठी जोडीदारही आहे, आणि त्याच्याशी इथले लोक फार समजूतदारपणे वागतात. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना की नातलग पुढे होऊन मोठ्याने सांगतात: पोरीचे लग्न करू, भावाला अंतर देणार नाही, शेत विकणार नाही. गेलेल्याची इच्छा कुठे अडकली असेल याचा अंदाज घेत शब्द दिले जातात. खुंटा ठोकण्यापेक्षा हा मार्ग किती माणुसकीचा आहे! घरच्या माणसाला उंबरठा अडवू शकत नाही हे दोन्ही समाजांना कळले होते. एकाने त्याच्यावर कुदळ चालवली, दुसऱ्याने त्याच्याशी बोलणी केली.

नियमातली फट शोधण्याची कलाही इथे परकी नाही. हिरण्यकशिपूने वर मागताना घरात नाही आणि बाहेर नाही, दिवसा नाही आणि रात्री नाही, माणसाकडून नाही आणि पशूकडून नाही, अशी सगळी दारे बंद करून घेतली होती. नृसिंहाने त्याला तिन्हीसांजेला उंबरठ्यावर मांडीवर घेऊन नखांनी फाडले. परभणी तालुक्यातच पोखर्णीला नृसिंहाचे प्रसिद्ध देवस्थान आहे, आणि तिथल्या रेल्वे स्थानकाच्या नावातही नृसिंह आहे. उंबरठा ही आतही नव्हे आणि बाहेरही नव्हे अशी जागा असल्यामुळे तिथे उभे राहून देणेघेणे करू नये, तिथे बसू नये, शिंकू नये, या घरगुती नियमांमागे हीच जाणीव आहे.

आता ही रचना बदलली आहे. ढाळज, ओसरी आणि माळवदाची घरे पडत गेली आणि त्यांच्या जागी स्लॅबची घरे आली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीणच्या घरकुलासाठी स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरवलेले आहे, आणि सपाट प्रदेशात सुरुवातीला १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य होते. तेवढ्या पैशांत लोखंडी चौकट बसते, आणि तिला बहुधा खालची आडवी पट्टी नसते. शहरातल्या फ्लॅटमध्ये फरशी जिन्यापासून थेट बैठकीच्या खोलीपर्यंत सपाट जाते. व्हीलचेअरवरच्या माणसाला, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना हे सोयीचे आहे आणि त्यात हळहळण्यासारखे काही नाही. लोक दारात संगमरवराची किंवा सागवानाची पट्टी नंतर बसवून घेतात, सणाला तिच्यावर हळदकुंकू लावतात, शनिवारी वर लिंबू-मिरची-बिब्बा टांगतात. सीमा पाहिजेच, ही गरज बांधकामाबरोबर पुसली गेलेली नाही.

पेडगावसारख्या गावातली तरुण मुले शिक्षणासाठी किंवा कामासाठी परभणीत, संभाजीनगरात, पुण्यात खोली करून राहतात. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. अशा शहरांत भाड्याच्या खोल्यांवर कितीतरी घरांचा संसार चालतो. इथे जुना नियम लावून पाहिला तर त्याचे मर्म दिसते. चार मुलांनी मिळून घेतलेल्या खोलीत एकाने ‘ये’ म्हटले तर बाकीच्या तिघांवर ते बंधनकारक आहे का? स्टोकर यांच्या नियमाप्रमाणे आहे. रेनफिल्डच्या एका होकाराची किंमत मीनाला मोजावी लागली. खोलीत राहणाऱ्यांची बहुतेक भांडणे इथेच पेटतात: कोणाचा मित्र महिनाभर मुक्काम ठोकून बसला, त्याला कोणी बोलावले, आणि जा म्हणण्याचा अधिकार कोणाला. पिशाच्चकथेत एकदा दिलेले आमंत्रण सहसा मागे घेता येत नाही. माणसांच्या व्यवहारात ते मागे घेता आले पाहिजे, आणि कायद्याने तशी वाट ठेवली आहे.

१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये परवान्याची व्याख्या आहे. एरवी जे करणे बेकायदा ठरले असते ते दुसऱ्याच्या जागेत करू देण्याची मुभा म्हणजे परवाना, असा तिचा अर्थ. आमंत्रणाच्या नियमाची याहून नेमकी मांडणी लोककथेलाही जमली नसती. महाराष्ट्रात ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणून अकरा-अकरा महिन्यांचे जे करार होतात ते या पायावर उभे आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर करारातल्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. दुसऱ्या बाजूला, मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते.

आणि मालकाचे काय? त्याला स्वतःच्या घरात शिरायला आमंत्रण लागते का? लागते. भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम २८ नुसार जागेची पाहणी करण्याचा त्याचा हक्क आहे, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. फौजदारी कायदाही ताबा पाहतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ४४१ मध्ये आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये अतिक्रमणाची व्याख्या ‘दुसऱ्याच्या ताब्यातील’ जागेत गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे अशी आहे. भाडेकरू मुलीच्या खोलीत रात्री दुसरी किल्ली लावून शिरणाऱ्या मालकाला ‘घर माझेच आहे’ हा बचाव पुरत नाही. हे प्रत्येक भाडेकरू मुलीला आणि तिच्या आईवडिलांना ठाऊक असायला हवे.

मराठवाड्यातले सर्वांत उघडे राहणीमान मात्र शहरात नाही, उसाच्या फडात आहे. बीड आणि परभणी जिल्ह्यांतली कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, कारखान्याच्या तळावर कोप्यांत राहतात. बांबू, उसाचे पाचट आणि ताडपत्री यांची ती खोपटी. वाकूनच आत जावे लागते. दाराच्या जागी पोत्याचा पडदा, कडी नाही, उंबरठा नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि गाडी भरायची हाक मध्यरात्रीही येते. पहिल्या हाकेला ओ देऊ नये हा नियम इथे पाळणे कोणाला परवडेल? तळावरच्या बाईला रात्री कोणाला आत येऊ द्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवता येणे, म्हणजे दाराला एक कडी असणे, ही तिच्या सुरक्षिततेची पहिली अट आहे. तिला लोककथेतल्या नायिकेइतकाही अधिकार मिळत नाही ही आपल्याच राज्यातली लाजिरवाणी गोष्ट आहे.

लोकनियमांचे गोडवे गाताना आणखी एक बाजू झाकून चालणार नाही. ज्या वेशीने भुते बाहेर ठेवली तिनेच माणसेही बाहेर ठेवली. गावकुसाबाहेरची वस्ती ही कल्पनेतली नव्हती. भुतांच्या यादीतही जातीची उतरंड तशीच आहे: ब्राह्मणाचे भूत वेगळे, शूद्राचे वेगळे, मुसलमानाचे म्हणून खवीस वेगळा. घरातल्या बायकांवर तर उंबरठा दोन्ही बाजूंनी राखला गेला. जब्बार पटेल यांच्या १९८२ च्या ‘उंबरठा’ चित्रपटाला ते नाव मिळाले ते यामुळेच. आज सोसायटीच्या बैठकीत एकटी बाई नको, अमक्या धर्माचा भाडेकरू नको, अमके खाणारा नको असे ठराव होतात तेव्हा जुनी वेस फाटकाचे रूप घेऊन उभी असते. राहणाऱ्याला संरक्षण देणारा नियम आणि शेजाऱ्याला नकार देणारा नियम एकाच दारातून येतात. त्यांतला कोणता चालवायचा हे दर वेळी डोळे उघडे ठेवून ठरवावे लागते.

फाटकावरच्या राखणदाराचे चांगले रूप पाहायचे तर सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला जावे. तिथला वेतोबा हा वेताळच, पण ग्रामदैवत म्हणून प्रतिष्ठा पावलेला. तो रात्री गावभर फिरून राखण करतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा असल्यामुळे भाविक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. ज्याला अन्यत्र लोक भितात त्याला या गावाने कामाला लावले आहे.

शहरी सोसायटीत हे काम वॉचमन, नोंदवही आणि मोबाइल ॲप यांच्यावर आले. पार्सलवाला फाटकाशी आला की आठव्या मजल्यावरच्या माणसाच्या फोनवर विचारणा येते आणि त्याने बोट टेकवले की फाटक उघडते. आमंत्रणाचा नियम इतका शब्दशः कधी अमलात आला नव्हता. स्वीडिश लेखक यॉन आय्विदे लिंडक्विस्ट यांच्या २००४ च्या कादंबरीत आणि तिच्यावरच्या २००८ च्या चित्रपटात, स्टॉकहोमच्या ब्लॅकेबर्ग उपनगरातल्या सदनिकांत असाच प्रसंग आहे. शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारे पिशाच्च-मूल आमंत्रणाशिवाय मित्राच्या घरात पाऊल टाकते आणि त्याच्या अंगातून रक्त पाझरू लागते. इमारत एक, जिना एक, भिंत सामाईक, तरी प्रत्येक दाराचा होकार वेगळा लागतो.

मोबाइलने एक नवे दारही उघडले, आणि त्याला उंबरठा बसवायचा राहून गेला. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली होणारी फसवणूक अशीच घडते. अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल येतो, समोर गणवेशातला माणूस, मागे ठाण्याचा देखावा. तुमच्या नावाने पार्सल सापडले, आता फोन बंद करायचा नाही, कोणाशी बोलायचे नाही. माणूस आपल्याच घरात कोंडला जातो आणि स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो. असली कोणतीही अटक कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याविषयी सांगताना आधी थांबा, विचार करा आणि मगच कृती करा, असा सल्ला दिला होता. आजीच्या तीन हाकांच्या नियमाचा आशयही तोच आहे. फोन ठेवावा, घरच्यांना सांगावे, खरा अधिकारी असेल तर तो पुन्हा रीतसर येईल. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे.

उंबरठ्याच्या सगळ्या नियमांत एक गृहीत धरलेले असते: धोका बाहेर आहे. मराठवाड्यातल्या भानामतीने ते गृहीत खोटे ठरवले. लातूर, नांदेड, परभणीपासून सीमेपलीकडच्या बीदरपर्यंत हा प्रकार लोकांना माहीत आहे. घराच्या पत्र्यावर दगड पडतात, पेटीतले कपडे जळतात, ताटात घाण सापडते, सुनेच्या नाहीतर लेकीच्या अंगावर काळ्या फुल्या उठतात. दाराला कुलूप असताना हे घडते म्हणून सगळे हादरतात आणि देवऋषी गाठतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा घरांत वेगळ्या रीतीने जात. ते आधी घरच्यांची परवानगी घेत, मग प्रत्येकाशी एकेकट्याने बोलत, आणि त्यांना पुन्हा पुन्हा असे आढळले की करणारा घरातलाच असतो. बहुधा ती कोंडलेली, ऐकून न घेतली गेलेली एखादी व्यक्ती असते. मनाविरुद्ध लग्न ठरलेली मुलगी, शाळा सुटलेला मुलगा, जाच सोसणारी सून. तिचे नाव चारचौघांत न फोडता तिचे दुःख हलके करण्याची वाट शोधली की दगड थांबत.

फुल्यांचा उलगडा बिब्ब्यात आहे. बिब्ब्याच्या टरफलात काळा, दाहक तेलकट रस असतो. धोबी पूर्वी कपड्यांवर खुणा करायला तो वापरत. कातडीवर लागला की आधी खाज सुटते, मग फोड येऊन काळा डाग पडतो. डाग उठायला वेळ लागतो, म्हणून तो आपोआप आल्यासारखा वाटतो. दर शनिवारी दारावर टांगला जाणारा बिब्बा तो हाच. बाहेरची बाधा अडवण्यासाठी चौकटीवर बांधलेली वस्तू आतल्या दुःखाच्या हाती खूण उमटवण्याचे साधन होते. दाराबाहेर शत्रू शोधणाऱ्या घराला हे सहसा दिसत नाही.

दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला त्याचा अध्यादेश त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीतले पहिलेच कलम भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे यांविषयी आहे. अमकी बाई करणी करते, भूत लावते असा संशय पसरवून तिचे जगणे कठीण करणेही या अनुसूचीत येते. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

घरात, दार लावून, घरच्यांच्याच संमतीने चाललेल्या अशा छळाला आमंत्रणाचा नियम पांघरूण घालू शकत नाही, याची तरतूद कायद्याने केली आहे. पोलीस निरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसेल असा दक्षता अधिकारी त्यासाठी नेमला जातो. एखाद्या जागी असा गुन्हा घडला आहे किंवा घडतो आहे असे मानायला कारण असेल तर त्याला तिथे वाजवी वेळी शिरून झडती घेता येते. गावात भानामतीची किंवा बाहेरची बाधा उतरवण्याची कुणकुण लागली तर शेजाऱ्यालाही त्या अधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवता येते.